बिनमिठाचा भात

बेलाने भाताच्या आधणात मीठ टाकायचं सोडलं त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि घरात कुणालाही त्याचं नवल वाटलं नव्हतं. अर्बनला ब्लडप्रेशर होतं, बोरिवलीच्या डॉक्टरने मीठ बंद करायला सांगितलं होतं. नवऱ्यापायी स्वतःही अळणी खाणारी बायको म्हणून गल्लीत बेलाचं कौतुकच झालं. ती ते खाली मान घालून ऐकून घ्यायची. तो भात अळणी नव्हता, हे ठाऊक असणारी ती एकटीच होती, निदान तिची तशी समजूत होती.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या वादळात खाडीचं पाणी भातखाचरं ओलांडून थेट विहिरीच्या कठड्यावरून आत उतरलं होतं. दोन दिवसांनी ते ओसरलं. गोराईतल्या लोकांनी उडालेले पत्रे शोधून आणले, होड्या सरळ केल्या आणि जेट्टी सुरू व्हायची वाट पाहिली. बेलाने पंप लावून विहीर दोनदा उपसून घेतली. तिसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखा भात लावला, नेहमीसारखं मीठ टाकलं, आणि पहिलाच घास तिला गिळवेना. ताटं वाढायच्या आत तिने तो भात कोंबड्यांना घातला आणि दुसरा लावला, बिनमिठाचा. तो बरोबर चवीला आला.

तेव्हापासून हे असं चाललं होतं. घरात नळ होता, पण अर्बन नळाचं पाणी प्यायचा नाही. त्याला पाइपाचा वास येतो म्हणे. विहीर त्याच्या बापाने स्वतः खणलेली, आणि अडुसष्ट वर्षं त्याने त्याच पाण्यावर काढलेली. मुलगा क्रिस फिल्टरचं प्यायचा, बेला कधी हे तर कधी ते. त्या विहिरीचं रोज तांब्याने पिणारा माणूस घरात एकच होता. त्याची विहीर मेली हे त्याला सांगायचं धैर्य बेलाला होत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला सांगायचंच नव्हतं.

आज शनिवार होता, क्रिसच्या लग्नाचा मांडव. अंगणात आचाऱ्यांनी चुली मांडल्या होत्या, बँडवाले चारला यायचे होते. आणि चौदा महिन्यांनी शॅरन घरी आली होती. बापाशी भांडून गेलेली मुलगी भावाच्या लग्नाला आली एवढ्यावर बेलाचा अर्धा आनंद होता. उरलेला अर्धा तिने शॅरन जेवेल तेव्हासाठी राखून ठेवला होता.

शॅरन स्वयंपाकघरातच बसली. कालवण घ्यायच्या आधी भाताचे दोन घास कोरे खायची तिची लहानपणापासूनची खोड होती. तिने पहिला घास खाल्ला आणि थांबली.

"ममा, भातात मीठ जास्त झालंय गं."

"टाकलंच नाय," बेला म्हणाली. सवयीने म्हणाली, आणि मग तिचा हात डावावरच राहिला.

शॅरनने आणखी एक घास खाल्ला, यावेळी सावकाश. अंधेरीला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत ती नऊ वर्षं काम करत होती, राहतही तिकडेच होती. चव आणि आकडा यांच्यात तिला फार अंतर वाटायचं नाही.

"भात विहिरीच्या पाण्यात शिजवलास?"

"ओरडू नको. तुझ्या पपाला ऐकू जाईल."

"मी ओरडले कुठे?"

खरंच ती ओरडली नव्हती. बेलाने दार लोटून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. वादळ, कोंबड्या, दुसरा भात. सांगताना तिला हलकं वाटायला लागलं. दीड वर्ष एक गोष्ट एकटीने सांभाळली, ती आता दोघींची झाली. तिच्या बोलण्यात थोडा अभिमानही आला. "त्याला कळू नाय दिलं. एक दिवस पन नाय."

"आणि पपा पितात कुठलं?"

"तेच. दिवसाला तीन तांबे."

"गोळ्या किती चालू आहेत आता?"

"आधी एक होती. मग दोन झाल्या. आता तीन. तो डॉक्टर मनाच ओरडतो, म्हनतो, मावशी, तुम्ही चोरून मीठ घालता. मी मेरी माउलीची शप्पथ घेतली त्याच्यासमोर. डबा पन दाखवला असता, दीड वर्ष झालं तोच डबा..."

ती बोलता बोलता थांबली. शॅरन नुसती तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता. म्हणूनच बेलाला कळलं.

मीठ हाताने टाकलं तरच पोटात जातं, असं तिला जन्मभर वाटत आलं होतं. पाण्यात आहे म्हणून तर तिने ते टाकायचं सोडलं होतं. पण पाण्यातलं ते मीठच आहे, आणि ते आपण नवऱ्याला तांब्याने पाजतोय, असं तिच्या मनात कधी आलंच नाही. ती पाटावर बसली.

"म्हंजे मीच," ती म्हणाली.

शॅरन उठून तिच्याजवळ खाली बसली. चौदा महिन्यांपूर्वी जाताना तिने आईलाही मिठी मारली नव्हती. आता मारली. "तू त्यांना सांभाळत होतीस, ममा. तुला कुणी सांगितलंच नाही. मी इथे राहत असते तर पहिल्या महिन्यात कळलं असतं. वादळानंतर एकदाच आले, ती भांडून न जेवताच गेले, आणि रुसून बसले."

दार ढकलून नताल आत्या आली. अर्बनची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर, पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन वसईला गेलेली आणि तरीही माहेरच्या प्रत्येक लग्नाला फुग्यांचं, म्हणजे लग्नातल्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ आपणच भिजवणार म्हणून चार दिवस आधी येणारी. तिच्या मागोमाग नवरा मुलगा.

"दोघी रडता कशाला? पोराचं लग्न हाय," नताल म्हणाली.

सांगावंच लागलं. क्रिसने ऐकलं आणि तो ओट्याला टेकला.

"आज नको," तो म्हणाला. "प्लीज, शॅरन. आज चारला उंबराचं पाणी आहे, अख्खी गल्ली येणार. पपा गेले सहा महिने त्याचंच बोलतायत. उद्या लग्न होऊ दे, मग काय ते सांगू."

उंबराचं पाणी म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन आणायचं पाणी, ज्याने नवरदेवाला किंवा नवरीला न्हाऊ घालतात. त्यात या घराची एक रीत होती. पहिली घागर वर आली की घरच्या थोरल्या लेकीने एक ओंजळ पाणी प्यायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, गोड. तिने तसं म्हटल्याशिवाय बँड वाजायचा नाही आणि दुसरी घागर भरायची नाही. यंदा ती थोरली लेक नताल होती.

"आत्या, तू फक्त गोड म्हण," क्रिस म्हणाला. "एक शब्द."

"म्हणीन की. सासरी जाऊन कशाकशाला गोड म्हटलं मी, तुना काय माहीत."

"म्हणजे तूसुद्धा," शॅरन म्हणाली. "गल्लीतल्या एकोणीस घरांसमोर विहीर गोड आहे असं सांगायचं? मग तो कागद कायमचा गेला."

कागद म्हणजे वादळानंतर गावकीने केलेला कागद. टेकडीच्या पायथ्याला, गावापेक्षा बराच उंच, एक माळ होता. एकोणीसच्या एकोणीस घरांनी तिकडे जायचं, आणि आता जशी आहेत त्याच ओळीने बांधायचं, म्हणजे शेजारी तेच राहतील. जागा मिळणार ती सगळ्यांना मिळून, सुट्ट्या घरांना नाही. मसुदा शॅरननेच लिहिला होता. अकरा घरांनी सह्या केल्या. सात घरं अर्बनच्या तोंडाकडे बघत थांबली होती. अर्बनने सही केली नाही. समुद्र माझ्या ओळखीचा आहे, तू मला तो कागदावर दाखवू नको, असं तो म्हणाला होता आणि शॅरन त्याच संध्याकाळच्या बोटीने निघून गेली होती. आता गावकीने सोमवारची मुदत ठेवली होती.

"अगो, तुमच्या त्या ऑफिसात तारीख नाय का सांगत?" नतालने विचारलं. "समुद्र कवा येणार ती?"

"तारीख नाही सांगता येत, आत्या. तेच तर सांगतेय." शॅरनची नजर ओट्यावरच्या पातेल्याकडे गेली. "हे पीठ कधी भिजवलंस?"

"पहाटे."

"सकाळभर किती फुगलं?"

"काय नाय. होतं तसंच होतं." नतालने फडकं उचललं. पीठ काठावर येऊन फडक्याला चिकटलं होतं. "हे आत्ता तासाभरात आलं बघ."

"तसंच असतं ते. सगळ्यांना वाटतं समुद्र वर्षाला बोटाच्या पेरापेक्षाही कमी वाढणार, आपल्याकडे चिक्कार वेळ आहे. पण ध्रुवावरचा बर्फ, वारे, समुद्राच्या पोटातले प्रवाह, हे सगळं एकमेकांत गुंतलंय. बराच काळ काही दिसत नाही, आणि मग शंभर वर्षांत होईल म्हणून धरलेलं वीस वर्षांत होऊन बसतं. होणारच असं मी म्हणत नाही. होऊ शकतं. आपली विहीर किती वर्षांत खारी झाली? एका रात्रीत ना? एकत्र गेलो तर गल्ली म्हणून जाऊ. नाहीतर प्रत्येकजण ओली गादी घेऊन मिळेल तिकडे, कोण बोरिवली, कोण विरार. मग आगेऱ्याच्या सणाला नवीन भाताच्या लोंब्या घ्यायला पाहुण्यांसारखं यायचं."

क्रिस एकदम खाली बघायला लागला. ते शॅरनच्या लक्षात आलं, बाकी कुणाच्या नाही.

बेला डोळे पुसून उठली. "आज नाय," ती म्हणाली. "क्रिस बोलतो ते बरोबर. पण या घडीपासून तो नळाचं पिणार. मी काय पन सांगीन त्याला."

तीन विरुद्ध एक झाले. शॅरनने उरलेला भात कालवणाशी कालवून खाल्ला, आईच्या समाधानासाठी.

*

अर्बन मांडवात खुर्ची टाकून आंब्याच्या डहाळ्या बांधत होता, आणि त्याला सगळं ठाऊक होतं.

वादळ ओसरल्यावरच्या पहिल्या तांब्यालाच ठाऊक झालं होतं. चाळीस वर्षं अंधेरीच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस, यंत्राचा आवाज बदलला की त्याला भिंतीपलीकडून कळायचं. स्वतःच्या विहिरीचं पाणी बदललेलं त्याला कळणार नाही, असं फक्त त्याच्या बायकोला वाटू शकत होतं. तो बोलणारच होता. पण मग भात बिनमिठाचा आला, आणि बेला त्याच्या तोंडाकडे अशा काळजीने बघत राहिली की त्याने मुकाट्याने खाल्ला. ही माझ्यासाठी विहीर गोड ठेवायला बघतेय, तर राहू दे. तीन तांबे प्यायचे म्हणजे काय मोठं. औषध समजून प्यायचा. ते औषधाच्या उलट होतं हे त्यालाही माहीत नव्हतं.

त्याने मनाशी एवढंच ठरवलं होतं की क्रिसचं उंबराचं पाणी या विहिरीवर होऊ दे. नंतर सांगू. कागदाचं पण नंतर. सही केली तर विहीर सोडावी लागणार, आणि विहीर सोडायची तर कारण सांगावं लागणार. एक खोटं जपायला तो गल्लीचा कागद अडवून बसला होता. रात्री प्रार्थनेच्या वेळी त्याला याची लाज वाटायची, सकाळी तो पुन्हा तांब्या भरायचा.

क्रिस येऊन त्याच्या बाजूला उभा राहिला.

"बरा आलास," अर्बन म्हणाला. "वरच्या खोलीची भिंत मोजली मी. साडेआठ फूट हाय. गार्गीचं कपाट किती?"

होणाऱ्या बायकोचं नाव ऐकून क्रिसने मान वळवली.

"विचारून ठेव तिला. खिडकी मधे येते, पन खिडकी सरकवता येईल. सोमवारी सुतार बोलावतो."

"पपा." क्रिसने एक डहाळी उचलली, ती उगाच उलटी केली. "आम्ही बोरिवलीत जागा घेतलीय. भाड्याने. सोमवारी तिकडेच जाणार."

अर्बनने हातातली गाठ पूर्ण केली.

"कवा ठरवलंत?"

"जूनमध्ये. तुम्हाला लग्नानंतर सांगणार होतो. वादळात दोन दिवस जेट्टी बंद होती, रस्त्यावर पाणी, आणि ममाला ताप. मी तेव्हा वरच्या खोलीत बसून नुसता पाण्याकडे बघत होतो. गार्गीच्या आईला भीती वाटते, ते ठीक आहे. पण मलाच वाटते पपा. उद्या आम्हाला मूल झालं, तर त्याला घेऊन मी इथे झोपू शकणार नाही."

"मना सांगितलं असतंस तर."

"तुम्ही ऐकलं असतं?"

अर्बनने खरं उत्तर शोधलं. "नसतं ऐकलं," तो म्हणाला.

क्रिस खाली बसला आणि बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. उद्या नवरदेव होणारा एकतीस वर्षांचा मुलगा लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचा तसा बसला होता. अर्बनने त्याच्या केसांतून हात फिरवला. त्याला मुलाचा राग आला नाही. गल्ली एकत्र राहावी म्हणून कागद अडवलाय असं तो लोकांना सांगत आला होता, आणि सगळ्यात आधी त्याच्याच घरातलं माणूस निघालं होतं. हे त्याला फार लागलं.

"साडेआठ फूट," तो स्वतःशीच म्हणाला. रस्त्यावर बँडवाल्यांची रिक्षा येऊन थांबली.

*

नताल लाल लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे चालत होती. मांडवापासून विहीर शंभर पावलांवर, पण बँड आणि गाणारे गल्लीकर असले की त्याला पाऊण तास लागतो. म्हाताऱ्या बायका गाण्याची एक ओळ म्हणून हसत होत्या, तरुणांना शब्द येत नव्हते म्हणून ते नुसतेच नाचत होते. पन्नास वर्षांपूर्वी याच पाण्याने नतालला न्हाऊ घातलं होतं. नंतर वसईत कित्येक वर्षं तिला पाणी पिताना ही विहीर आठवायची. मग हळूहळू आठवेनाशी झाली, आणि तिथल्याच पाण्याची सवय लागली. घर सोडण्यातलं तिला जेवढं कळत होतं तेवढं या गल्लीतल्या कुठल्याही पुरुषाला कळत नव्हतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

बँड थांबला. क्रिसने रीतीप्रमाणे पहिली घागर ओढली. बेलाने ती कलती केली आणि नतालने ओंजळ पुढे केली.

पाणी खारं असेल हे धरूनच ती आली होती. एवढं खारं असेल असं तिला वाटलं नव्हतं. जिभेवर ते राहिलं आणि तिच्या मनात आलं, हा मेला दीड वर्ष हे पितोय. तिने घोट गिळला आणि मान वर केली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. क्लॅरिनेटवाल्याने वाद्य ओठांना लावलं होतं. बेला घागर कलतीच धरून होती. शॅरन मागे, विहिरीकाठच्या उंबराच्या झाडाला टेकून उभी होती.

नतालने भावाला शोधलं. पुरुष मागे उभे राहतात, तसा तो मागे होता आणि जमिनीकडे बघत होता. सहा वर्षांचा असताना आईची काचेची बरणी फोडून तो अस्साच उभा राहिला होता. तेव्हा तिने स्वतःचं नाव पुढे करून त्याला वाचवलं होतं. याला ठाऊक आहे, हे तिला त्या क्षणी समजलं. आणि तिला हेही समजलं की गोड म्हटलं तर तो आयुष्यभर ते पीत राहील. तरी तिने शब्द दिला होता. तिने तोंड उघडलं.

"थांब, ताय," अर्बन म्हणाला.

तो बायकांमधून पुढे आला. या कामात पुरुषाने मध्ये यायचं नसतं, त्यामुळे कुणाला काय करावं ते कळेना, सगळ्यांनी वाट दिली. त्याने घागरीखाली ओंजळ धरली, बेलाने ओतलं, आणि तो नेहमीच्या सवयीने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

"खारं हाय," तो म्हणाला. मोठ्याने, गोड म्हणायचं असतं तेवढ्याच मोठ्याने. "दीड वर्ष खारं हाय. मना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

बेलाच्या हातातून पाणी तिच्याच पायावर सांडलं.

"तुम्ही लोक माझ्या तोंडाकडे बघून थांबलात," अर्बन गल्लीकडे वळून म्हणाला. "सात घरं. मी तुमाला खरं सांगितलं नाय. घरातल्यांना पन नाय. माफी मागतो."

समोरच्या घरचा पास्कू, ज्याच्याशी अर्बनचं तीस वर्षं कुंपणावरून वाजत होतं, तो घसा खाकरून म्हणाला, "आमची पन खारीच हाय रे. तुझी गोड म्हणून आम्ही गप होतो. म्हटलं, आपल्यालाच काय तरी झालंय."

हसू फुटलं ते आधी मागच्या बायकांमध्ये, मग सगळीकडे. अर्बनसुद्धा हसला आणि मग त्याने डोळे पुसले.

"ते ठीक हाय," नताल म्हणाली. "पन पोराला काय खाऱ्या पान्याने न्हाऊ घालायचं?"

अर्बनने शॅरनकडे पाहिलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं. अकरा घरांच्या पोरांनी गेल्या हिवाळ्यात माळावर विहीर खणली होती. तो तिकडे एकदाही फिरकला नव्हता.

"तुमच्या त्या वरच्या विहिरीचं पानी कसं हाय?"

"मी नाही सांगणार," शॅरन म्हणाली. ती झाडापासून पुढे आली. "तुम्हाला आकडे नको असतात. चाखून बघा."

"वाजवा रे," अर्बन बँडवाल्यांना म्हणाला. "वर जायचंय."

निघण्याआधी नतालने सगळ्यांना थांबवलं. विहिरीला द्यायचे मूठभर तांदूळ आणि थोडी दारू तिच्या ताटात तशीच होती. "तिचं तिला देऊन जा," ती म्हणाली. "तिने काय कमी केलं आपल्याला?" क्रिसने तांदूळ सोडले. अर्बनने कठड्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मग काढला.

*

माळाची वाट चढाची होती. बँड पुढे गेला, पोरं नाचत वर पोचलीसुद्धा, आणि अर्बन आणि बेला सगळ्यांच्या मागे राहिले. ऊन उतरलं होतं.

"पहिल्या दिवसापासून?" बेलाने विचारलं.

"पहिल्या तांब्याला."

"मग प्यायलास कशाला?"

"तू मीठ टाकायचं सोडलंस. मना वाटलं, ही एवढं जपते, तर कशाला हिचा जीव मोडू."

बेला वाटेतच उभी राहिली. "अरे, तुझ्या गोळ्या वाढल्या त्या या पान्याने. शॅरन म्हनाली. मी तुना दीड वर्ष मीठ पाजत होते." तिने पदर डोळ्यांना लावला. "तुना काय झालं असतं तर."

अर्बनला हे नवीन होतं. त्याने तिचा हात धरला. गल्लीसमोर हात धरायची त्यांची रीत नव्हती, पण गल्ली पुढे गेली होती.

"म्हंजे आता गोळ्या कमी होतील," तो म्हणाला. "डॉक्टरला आपन दोघं जाऊन सांगू. तुझी शप्पथ खरी होती, ते पन सांगू."

बेला रडता रडता हसली आणि त्याच्या दंडावर चापट मारली.

वर चुन्याने चौकोन आखलेले होते, एकोणीस, दोन ओळींत. काही चुना पावसाने गेला होता तिथे कुणीतरी पुन्हा ओढला होता. इथून खाडी दिसत होती, खालची कौलं दिसत होती, आणि ती किती खाली आहेत हेही दिसत होतं. अर्बनने न विचारताच आपला चौकोन ओळखला. पास्कूच्या समोरचा, तिसरा. तो त्यात शिरला आणि कडेकडेने पावलं टाकत मोजू लागला.

"क्रिस," त्याने हाक मारली. "बोरिवलीची जागा किती दिवसांची?"

"अकरा महिन्यांचा करार आहे, पपा."

"अकरा महिन्यांत इथं भिंती उभ्या राहतात. एक भिंत साडेआठ फुटांची ठेवू. पुढे तुमची मर्जी. यायचंच असं नाय." आणि मग शॅरनकडे न बघता, "तो तुझा कागद सामानात हाय का?"

"रोजच असतो," शॅरन म्हणाली.

नवीन विहिरीला अजून नीट कठडा नव्हता, चार दगड होते. क्रिसने घागर ओढली. नतालने ओंजळ भरून घेतली, चाखली, पुन्हा एकदा चाखली, आणि लोकांना उगाच ताटकळत ठेवलं, कारण तेवढा हक्क तिचा होता.

"गोड," ती म्हणाली.

बँड सुरू झाला. बायकांनी घागरी भरायला घेतल्या, पास्कूने क्रिसला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्या गडबडीत बेलाने एक तांब्या भरून अर्बनपुढे धरला. दीड वर्षाने त्याच्या तोंडात गोडं पाणी गेलं. त्याने एक घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि तांब्यात डोकावून पाहिलं.

"काय झालं?" बेलाने घाबरून विचारलं.

"अळणी लागते गं," अर्बन म्हणाला.

"लागू दे," बेला म्हणाली. "उद्यापासून भातात मीठ टाकते. चिमूटभर."